दीड लाखाचा डॅक खरंच वेगळा वाजतो का? जरा सविस्तर सांगतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी दहा हजाराच्या आतबाहेरचा डॅक आहे (डिजिटल गाण्याचं स्पीकर-हेडफोनला चालणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा), तो लॅपटॉपला जोडलेला, पुढे स्टिरिओ अ‍ॅम्प आणि बुकशेल्फ स्पीकर, आणि रात्री ऐकायला तीनशे ओहमचा हेडफोन. मुंबईच्या एका शोरूममध्ये दीड लाखाचा डॅक ऐकला आणि एकदम मोकळं, भरलेलं वाटलं, आणि इकडे मित्र म्हणतो सगळे डॅक सारखेच, पैसे काय वर आलेत का. मग खरं कोणाचं? तुम्ही विजयनगरचे, मी पण इंदूरचाच, नाटकांचं आणि मैफलींचं साउंड आणि रेकॉर्डिंग करतो, अधूनमधून लोकांच्या घरच्या सिस्टिम लावून देतो. डॅक विकत नाही, त्यामुळे तुम्ही घेतला काय नि नाही घेतला काय, माझं काही जात नाही.

तुम्ही विचारताय की महाग डॅक चांगला वाजतो का, पण तुम्हाला सतावतोय तो प्रश्न मला दुसराच दिसतो, की त्या दुकानात जे ऐकलं ते कशामुळे आणि ते माझ्या हॉलमध्ये येईल का. तुम्हाला फरक ऐकू आला नाही असं मी म्हणत नाहीये. आलाच असेल. पण तिथे स्पीकर त्यांचे, भिंतींना पॅनल लावलेले, एसी बंद, गाणं त्यांनीच निवडलेलं, आणि हे सगळं मिळून डॅकच्या खात्यात जमा झालं. आणि तुम्हीच लिहिलंय की स्वस्त आणि महाग असे दोन डॅक आलटून पालटून ऐकवले, मध्ये अ‍ॅम्पच्या व्हॉल्यूमला कोणी हात लावला नाही. माझ्या मते अर्धी गोष्ट तिथेच आहे, त्यावर येतोच.

माझं मत आधीच सांगून टाकतो, ज्यांना एवढं वाचायचं नाही ते इथेच सुटतील. नीट बनवलेला आठ-दहा हजाराचा डॅक आणि दीड लाखाचा डॅक, दोन्ही अगदी सारख्या लेव्हलवर, कोणता कोणता ते न सांगता ऐकवले तर बहुतेकांना ओळखता येत नाहीत, आणि त्या बहुतेकांत मी पण आलो. दिवसभर कान घेऊनच काम करतो तरी.

आता का ते. सीडीची १६ बिट रेंज ढोबळमानाने ९६ डेसिबल. आजचा बरा डेस्कटॉप डॅक घेतला तर त्याचा स्वतःचा नॉइज आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची मोडतोड, मिळून सिग्नलच्या ११० डेसिबल किंवा त्याहून खाली असतं. तुमचा हॉल रात्री एकदम शांत असला तरी ३०-३५ डेसिबलचा आवाज त्यात असतोच, पंखा लावला की आणखी वर. म्हणजे ११० डेसिबल खाली दबलेलं काही ऐकायचं तर गाणं १४० च्या वर न्यावं लागेल, आणि तिथे कानच जातील. हिशेब ढोबळ आहे, कान नॉइजच्या थोडं खालचं पण ऐकतो, पण अंतर एवढं आहे की त्या थोड्याने काही बदलत नाही. आणि आपण ऐकतो काय? तुम्ही लिहिलंय अमीरखाँ साहेब, कुमारजी, म्हणजे आपल्याच मातीतले. त्यांची रेकॉर्डिंगं टेपवरची, त्या टेपची सरसरच साधारण ६०-६५ डेसिबल खाली असते. ती सरसर दोन्ही डॅक इमानेइतबारे वाजवतील, महागडा काही त्यातून खाँसाहेबांना जास्त बाहेर काढणार नाही.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी एक गोष्ट करून दाखवतो. तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग घ्यायचं, तानपुरा मुद्दाम, कारण जवारीतले वरचे स्वर जरा कमीजास्त झाले तर कान लगेच पकडतो. मग रेकॉर्डिंगचा साधा इंटरफेस, म्हणजे कॉम्प्युटरला माइक जोडायचा डबा, आठ-दहा हजारात मिळतो तो, त्याच्या आउटपुटची वायर त्याच्याच इनपुटला लावायची आणि ते पुन्हा रेकॉर्ड करायचं. म्हणजे आवाज एकदा स्वस्त डॅकमधून बाहेर आला आणि एकदा स्वस्त एडीसीतून, म्हणजे डॅकच्या उलट काम करणाऱ्या भागातून, परत आत गेला. लेव्हल जुळवून मूळ आणि कॉपी ऐकवली की पोरं एकमेकांकडे बघायला लागतात. मग तीच कॉपी परत, परत, अशा बऱ्याच फेऱ्या केल्या की कुठेतरी नॉइज कळायला लागतो. पहिल्या फेरीला छातीठोकपणे सांगणारा सापडणं अवघड. आणि हे फक्त घरगुती प्रयोगाचं नाही, तुम्ही आज ऐकता त्यातलं बरंच संगीत स्टुडिओतच कितीतरी कन्व्हर्टरांमधून जाऊन आलेलं असतं, नाट्यगृहात तर माइकपासून स्पीकरपर्यंत डिजिटल मिक्सरच असतो, त्याच्या डॅकबद्दल कोणी रसिक तक्रार करत नाही. तक्रार असते ती हार्मोनियम गाण्यावर चढतेय याची.

बाहेरचे अभ्यास पण आहेत. २००७ मध्ये मेयर आणि मोरन या दोघांनी हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या, डिस्क वाजवताना मध्येच सीडी दर्जाचं एक एडीसी-डॅकचं जोडकाम घातलं आणि लोकांना विचारलं, आता घातलंय की काढलंय. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. याच्या विरुद्ध बाजूचं पण सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी असे १८ प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला तर हाय-रेझ आणि सीडी यातला फरक लोक ५२.३ टक्के वेळा ओळखतात असं निघालं, आणि आधी कान तयार केलेल्या लोकांत ते प्रमाण साठीच्या आसपास गेलं. म्हणजे अगदी शून्य नाही. पण शंभरातले दोन-तीन जास्त, ते पण लक्ष देऊन, आणि तुम्ही म्हणताय शोरूममध्ये पहिल्या दहा सेकंदांत जमीन-अस्मानचा फरक. जमीन-अस्मान असलं तर ते दुसऱ्याच कशाचं तरी असतं.

तर तो व्हॉल्यूम. साध्या डॅकच्या मागच्या आरसीए सॉकेटातून (लाल-पांढऱ्या वायरी लागतात ती) फुल लेव्हलला २ व्होल्ट निघतात, तशी प्रथाच आहे. बरेच महागडे २.५ देतात, आणि एक्सएलआर, म्हणजे बॅलन्स्ड वायर लावली तर ४ किंवा त्याहून जास्त. २ चे २.५ झाले की जवळजवळ २ डेसिबल वाढले. २ चे ४ झाले की ६. दोन डेसिबल वाढले तर माणूस 'आवाज मोठा झाला' असं म्हणत नाही, तो म्हणतो जास्त उघडा वाटतोय, बेस भरलाय, गायक पुढे आला. आपल्या कानाची ठेवणच तशी, जरा मोठ्या आवाजात बेस आणि वरची पट्टी दोन्ही जास्त कळतात. प्रत्येक विक्रेता मुद्दाम करतो असं नाही हां, कित्येकांना ते माहीतच नसतं, ते स्वतःच भारावलेले असतात. पण गल्ल्यावर परिणाम तोच.

मग सगळे डॅक सारखेच का, म्हणजे मित्र बरोबर का? तो पण पूर्ण बरोबर नाही. फरक पडतो, फक्त किमतीच्या पट्टीने नाही पडत.

एक तर खालच्या टोकाला खरोखर कचरा आहे. टीव्हीच्या ऑप्टिकलमधून आरसीए काढणारी ती चारशे रुपयांची काळी डबी बघितली असेल, तिच्यात हिस येतो, कधी मोठ्या आवाजाला फाटतं, सोबतचा पाच व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणखी घाण सोडतो. जुन्या लॅपटॉपचा हेडफोन जॅक पण तसाच, माउस हलवला की बारीक किर्र ऐकू येते. तिथून वर यायला मात्र फार पैसे लागत नाहीत. अ‍ॅपलचं ते छोटं यूएसबी-सी डोंगल हजाराच्या आसपास येतं आणि मोजमापात मोठमोठ्या डब्यांना लाजवतं, इअरफोनला पुरेसं आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज कमी येतो तेवढं बघून घ्या.

दुसरं, आपण ज्याला डॅक म्हणतो त्यात बहुतेक वेळा हेडफोन अ‍ॅम्प पण असतो, आणि ऐकू येणारा फरक त्या अ‍ॅम्पचा असतो. तुमच्या तीनशे ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज लागतं, एक व्होल्टचं डोंगल लावलं तर विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला, जिथे रेकॉर्डिंगच हळू आहे, व्हॉल्यूम संपतो आणि माणसाला वाटतं डॅकमध्ये दम नाही. उलट कमी ओहमचे, आत तीन-चार ड्रायव्हर, म्हणजे बारीक स्पीकर, असलेले इअरफोन असतील तर अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा त्याचा आतला अडथळा, महत्त्वाचा, तो इअरफोनच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी हवा, नाहीतर बेस-ट्रेबलचा तोलच बदलतो. तो बदल खरा, मोजता येणारा, ऐकू येणारा. पण वीस हजाराच्या डब्यात इम्पिडन्स जास्त आणि तीन हजाराच्या डोंगलमध्ये कमी, असंही असतं.

तिसरं, हम आणि किरकिर, आणि इथे मला जास्त लिहायचंय कारण इंदुरात ज्या घरांत मला बोलावतात तिथे निम्म्या वेळा हेच निघतं. रामबागेत एका जुन्या घरात गेलो होतो, काकांनी डॅक बदलून बदलून तिसरा आणला होता, प्रत्येक वेळी काही दिवस बरं वाटायचं आणि मग परत तेच, गाण्याच्या पाठीमागे एक घूं. मी लॅपटॉपच्या चार्जरची पिन बोर्डातून काढली. घूं बंद. परत लावली, चालू. झालं असं होतं की लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा, अ‍ॅम्प तीन पिनांचा पण बोर्डातल्या अर्थच्या भोकामागे वायरच नाही, जुनं वायरिंग, आणि चार्जरची गळती यूएसबीच्या वायरीतून डॅकमध्ये, डॅकमधून अ‍ॅम्पमध्ये. दीड लाखाचा डॅक आणला असता तरी ती घूं तशीच आली असती, फार तर त्यात आयसोलेशन चांगलं असेल तर कमी झाली असती. काकांना इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घ्यायला लावलं, आणि तोवर यूएसबी सोडून ऑप्टिकलने जोडलं, कारण ऑप्टिकल वायरीतून उजेड जातो, वीज जात नाही, मग गळतीचा रस्ताच तुटतो. काकू म्हणाल्या, एवढंच होतं तर तीन तीन डबे कशाला आणले. काका डॅकच्या डब्यांची पुठ्ठ्याची खोकी माळ्यावर ठेवायला गेले.

चौथं, काही डॅक मुद्दाम वेगळे वाजवायला बनवलेले असतात. फिल्टर नसलेले, ज्यांना एनओएस म्हणतात, ते सीडीच्या गाण्यात १० हजार हर्ट्झला पाऊण डेसिबल आणि २० हजारला तीन डेसिबलच्या वर खाली येतात, म्हणून ते मऊ लागतात. व्हॉल्व्ह लावलेले पण तसेच, थोडं डिस्टॉर्शन मिसळतात, काहींना आवडतं. आवडलं तर घ्या, त्यात काही वाईट नाही, फक्त ते 'जास्त खरं' आहे असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. डॅकच्या आतल्या चिपच्या नावावरून पण भांडणं चालतात, एकेएम कंपनीची गोड आणि ईएसएस कंपनीची कोरडी वगैरे. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात नोबेओकाला एकेएमचा कारखाना जळाला, तेव्हा चिप मिळेनात म्हणून कित्येक कंपन्यांनी आपल्या डॅकच्या पुढच्या आवृत्तीत सरळ ईएसएस घातली आणि धंदा चालू ठेवला. चिपच्या भोवतीचं सर्किट नीट असलं की दोन्ही नीट.

आणि ब्लूटूथ हेडफोनवाल्यांसाठी एक ओळ, कारण हा प्रश्न मला फार येतो: तुमचा डॅक हेडफोनच्या आत आहे, बाहेरून कितीचाही लावला तरी ब्लूटूथने ऐकताना तो वापरलाच जात नाही.

आता तुम्ही स्वतः तपासायचं असलं तर कसं, ते सांगतो, म्हणजे माझ्या शब्दावर पण विश्वास ठेवायला नको. शोरूमवाल्याकडून डॅक दोन दिवस घरी मागा, दीड लाखाच्या वस्तूला बरेच जण देतात. महाराणी रोडवरून एक बरा मल्टिमीटर घ्या, दोन-तीन दशांश दाखवणारा. ऑडेसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात १०० हर्ट्झचा सरळ टोन बनवा, हजार हर्ट्झचा नको, कारण स्वस्त मीटर एसी व्होल्टेज कमी फ्रीक्वेन्सीलाच नीट दाखवतात. दोन्ही डॅक अ‍ॅम्पच्या दोन इनपुटांना लावा, स्पीकर जोडलेलेच राहू द्या, आवाज बेताचा ठेवा, आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर धरून एसी व्होल्टेज बघा. एकावर समजा १.०० व्होल्ट आणि दुसऱ्यावर १.२४ आलं, तर मोठ्याचा व्हॉल्यूम प्लेयरमधून किंवा डॅकवरून कमी करत करत १.०० वर आणा, एक टक्क्याच्या आत. एक टक्का म्हणजे ०.१ डेसिबलच्याही आत आलात. हे नुसतं कानाने जुळवून होत नाही, लोक इथेच आळस करतात.

मग घरातल्या कोणाला तरी बसवा, वहिनींना किंवा पोराला, आणि नाणं उडवून तेच इनपुट बदलतील, तुम्ही पाठ करून बसायचं आणि दर वेळी कोणता डॅक लागलाय ते ओळखायचं. गाण्याचा वीस-तीस सेकंदांचा तुकडा घ्या, जो तुम्हाला तोंडपाठ आहे. १६ वेळा करा, घाई नको, चहा घेऊन करा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर नुसत्या नशिबाने असं घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणजे तुम्हाला खरंच काहीतरी ऐकू येतंय आणि मग मी तुमच्याशी वाद घालणार नाही, घ्या डॅक. ८-९ आले तर काय समजायचं ते तुम्हाला कळतंच. माझ्यासमोर जे हे करतात त्यांचा मजेदार भाग असा की लेव्हल जुळवल्यावर, अजून नाणं उडवायच्या आधीच, बरेच जण म्हणतात, अरे आता तर सारखंच वाटतंय.

एक छोटी गोष्ट तोवर फुकटात करून बघा. हल्लीची सिनेमाची गाणी एवढी ठासून भरलेली असतात की डॅकच्या आतल्या फिल्टरमध्ये शिखरं कमाल मर्यादेच्या वर जातात आणि बारीक फाटतात, काही डॅकांत त्यासाठी जागा सोडलेली असते, बऱ्याच जणांत नसते. प्लेयरमधून व्हॉल्यूम तीन-चार डेसिबल खाली घ्या आणि अ‍ॅम्पवरून तेवढा वाढवा, काम झालं.

पैशाचं म्हणाल तर दीड लाखाच्या डॅकमध्ये पैसे जातात कुठे हे पण बघायला हवं. जाड अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, चांगली पॉवर सप्लाय, चार-पाच इनपुट, रिमोट, बॅलन्स्ड आउटपुट, स्ट्रीमिंग, आणि भारतात सर्व्हिस देणारा माणूस. शेवटचं मी कमी लेखत नाही, परदेशातून मागवलेला स्वस्त डॅक बिघडला की पाठवायचा कुठे हा प्रश्न खराच आहे. तुम्हाला टीव्ही, लॅपटॉप, सीडी प्लेयर असं सगळं एका जागी जोडायचंय आणि दिसायला देखणं हवंय, तर पंचवीस-तीस हजारापर्यंत मी समजू शकतो. त्याच्या पुढे हौस आहे, आणि हौसेला कोण नाही म्हणतो, अपने इंदूरमध्ये तर नाहीच.

पण तुमची तक्रार आवाजाची आहे, आणि तुम्ही खोलीचा जो फोटो दिलाय त्यात मला दिसतंय ते असं: बारा फुटी हॉल, खाली टाइल्स, दोन भिंती कोऱ्या, एकीकडे काचेची सरकती खिडकी, आणि स्पीकर टीव्हीच्या युनिटमध्ये कोंबलेले, भिंतीला पाठ टेकून. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास एक फुगवटा येणारच, म्हणजे तो बेस गरजेपेक्षा जास्त ऐकू येणार, त्याच्या पटीत पुढे आणखी, आणि अशा खोल्यांत मी मोजतो तेव्हा बेसमध्ये दहा-पंधरा डेसिबलचे चढउतार सर्रास दिसतात. एकीकडे पंधरा डेसिबल आणि दुसरीकडे डॅक-डॅकमधला फरक, जो डेसिबलच्या बारीक तुकड्याएवढा पण नसतो. शोरूममध्ये जे मोकळं वाटलं ते बहुतेक हे नव्हतं म्हणून.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर आधी स्पीकर युनिटमधून बाहेर काढून स्टँडवर ठेवले असते, भिंतीपासून दीड-दोन फूट, ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला. स्टँड लोहाराकडून बनवले तरी चालतात. मग खाली जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, याने वरचा कर्कशपणा जाईल, बेसवर याचा परिणाम होत नाही हे लक्षात ठेवा. बेससाठी यूएसबीवर चालणारा मोजमापाचा माइक घ्या, आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर लावून खोली मोजा, आणि जिथे फुगवटा आहे तिथे इक्वलायझर एपीओ या आवाजाचा तोल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने कापा. खड्डे, म्हणजे जिथे आवाज कमी पडतो, ते भरायला जाऊ नका, अ‍ॅम्पवर उगाच ताण येतो आणि खड्डा काही भरत नाही. एवढं सगळं वीस-पंचवीस हजारात बसतं, आणि उरलेल्या पैशात हवे तर स्पीकरच बदला, तिथे किमतीबरोबर आवाज खरंच बदलतो.

लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा आहे की तीन, ते सांगाल का? आणि हेडफोन डॅकला थेट लावता की अ‍ॅम्पला, ते पण. खोली मोजलीत तर ग्राफ इथेच टाका, दोन्ही स्पीकरचा वेगवेगळा, मग कुठे किती कापायचं ते बघून सांगतो.